सतरा सेकंद

संस्थेच्या सूचना एका पानात मावतात.
खोकला लिहू नये.
हसणं कंसात.
बोली शक्यतो प्रमाण करावी,
देणगीदारांना वाचायचं असतं.
मिनिटाला अकरा रुपये,
चहा ऑफिसात आलात तर.

मी जात नाही. मानेवाड्याहून धंतोली दूर पडते,
आणि मे महिन्यात दुपट्टा गुंडाळून स्कुटीवर बसलं की
आपण कोण ते आपल्यालाही ओळखू येत नाही.
खोलीतच बसते, कूलर बंद करून.
कूलर चालू असला की
बोलणारा माणूस पाण्यात बुडतो.

लेखकांशी संवाद, विषय सामाजिक न्याय.
पहिले एक निवृत्त प्राध्यापक.
‘संरचना’ हा शब्द त्यांनी एकोणीस वेळा वापरला.
दुसऱ्या बाई पुस्तकाबद्दल कमी
आणि ते छापायला नकार देणाऱ्यांबद्दल जास्त बोलल्या,
त्यात मजा आली.

तिसरी फाईल कौतिका रंगारी यांची.
सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया.
रात्रपाळीत केसपेपरच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेलं पुस्तक,
भिशीच्या पैशातून छापलेलं.
विचारणारे अनिमेष सर.
लाभार्थी म्हणून तुमचा अनुभव कसा होता?

“लाभ कोनाचा झाला थे आधी पाहा ना बाप्पा.
आमच्या वस्तीत सहा संस्था येऊन गेल्या.
सतरंजी आनली, फोटो काढला,
सतरंजी वापस नेली.”
(हशा)
“एक चांगली होती. पोरीईले शिवनकाम शिकवे.
थे बंद पडली. पैसा आटला मने.
चांगल्या लोकाईचाच पैसा काहून आटते?”

मी टाईप करते:
चांगल्या लोकांचाच पैसा का आटतो?
वाक्य बरोबर आहे.
फक्त त्यातून बाई उठून गेल्या आहेत.
घरी मीही असंच बोलते, कोणी लिहून घेत नाही म्हणून.
‘का’ खोडून ‘काहून’ परत ठेवते,
खुर्ची सरकवून द्यावी तसं.

बत्तिसाव्या मिनिटाला अजनीकडून इंजिनाची शिट्टी.
त्या थांबतात, गाडी जाऊ देतात. मग,
“हे सगळं कोन लिहून काढते?”
आमच्याकडे एक मुलगी आहे.
“नाव हाय का तिले?”
मानधनावर आहे ती.
“मंग भेटते का मानधन येळेवर?”

आणि मग काहीच नाही.
खुर्ची कुरकुरते. कोणीतरी पेला टेबलावर ठेवतं.
तिकडच्या कूलरमध्ये पाणी टपकतं.
मागे नेऊन तीनदा ऐकलं मी.
सतरा सेकंद,
आणि त्यात फेब्रुवारीपासूनचं माझं सगळं येणं
मांडी घालून बसलेलं.

घाम कानात उतरला, हेडफोन काढला नाही.
अंधारात कोणत्या खाटेवरचं कण्हणं कोणाचं
हे जिला एकतीस वर्षं कळत होतं,
तिला भिंतीपलीकडची, अजून न वाजलेली
माझी बटणंही ऐकू आली असतील.

आपण पुढच्या प्रश्नाकडे वळू या, सर म्हणाले.
वळले.

शांततेबद्दल सूचनांमध्ये एक अक्षर नाही.
मी लिहिलं: (सर गप्प. सतरा सेकंद.)
खाली लिहिलं: (नाव आहे. निरंजना भोयर.)
पुसलं.
दूध तापवलं, भांडं विसळलं, परत येऊन
परत लिहिलं.

बिल लावलं: अठ्ठेचाळीस मिनिटं, सतरा सेकंद.
तिसऱ्या दिवशी अकाउंटच्या राऊतकाकांचा फोन.
“ताई, सेकंद आपण धरत नाही.”

मी काही बोलली नाही.
त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता,
एक पातं कुठंतरी घासत.
सात,
आठ,
नऊ.